घासून ठेव, मी आलो की पॉलिश मारू

एका गावात एक भोळा भाऊ होता. गावात भाऊ पुष्कळ होते, पण ते शहाणे होते. त्यांनी केळीच्या वाड्या वाटून घेतल्या होत्या आणि मध्ये कुंपणं घातली होती. हा भोळा असल्यामुळे आपल्या भावाबरोबरच राहायचा.

गाव वसईकडचं, समुद्राकाठचं. भोळ्याचं नाव इनास. थोरल्याचं नाव मनवेल. घरात तिसरं माणूस म्हणजे आई.

इनासचं शिक्षण चौथीत संपलं. मास्तर त्याला म्हणाले, "मी सांगेपर्यंत उठू नकोस." मग मास्तर विसरले आणि घरी गेले. शाळेला कुलूप लागलं. इनास उठला नाही. संध्याकाळी मनवेल खिडकीतून आत उतरला आणि त्याला खांद्यावर घालून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "मी सांगितल्याशिवाय उठलासच कसा?" इनासला ते पटलं. तो परत शाळेत गेला नाही.

मनवेल सुतार होता. अंगणातलं फणसाचं झाड वादळात पडलं, तेव्हा लोक म्हणाले, सरपण झालं. मनवेल म्हणाला, गिटार झाली. चर्चच्या गाणाऱ्या मंडळींना गिटार हवीच होती. त्यानं सहा महिने खपून बॉडी केली. पोकळ पोट, मध्ये गोल भोक, कमरेला बारीक. मानही करून ठेवली. राहिलं फक्त घासणं आणि पॉलिश.

आणि मग मनवेल आजारी पडला. इस्पितळात इनास त्याच्या उशाशी बसला होता. मनवेल म्हणाला, "इनास, ती बॉडी घासून ठेव. मी आलो की पॉलिश मारू."

"बरं," इनास म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मनवेल गेला.

त्याला चर्चमागच्या मातीत ठेवलं. वर लाकडाचा क्रूस लावला. क्रूसावर नाव, खाली जन्माची तारीख, त्याच्या खाली मरणाची. इनास सगळं बघत उभा होता. घरी आल्यावर आईला म्हणाला, "पण तो येतो म्हणाला होता."

"इनास, तो देवाघरी गेला रे."

"तिथून येईल ना मग. बॉडी कुठं झालीय अजून घासून?"

मनवेल कधी खोटं बोलायचा नाही. ही त्याची खोडच होती. त्यामुळे इनासला तो येण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती तो येईल आणि बॉडी घासलेली नसेल याची.

महिन्याचा मिस्सा, म्हणजे मेलेल्यासाठी चर्चमध्ये करतात ती प्रार्थना, आठ दिवसांवर आला. फादर स्कूटरवरून घरी आले आणि म्हणाले, "गिटार झाली तर मनवेलच्या मिस्साला तीच वाजवू."

"होईल," इनास म्हणाला. "तो यायच्या आत होईल."

फादरनी आईकडे बघितलं. आईनं चहाच्या कपाकडे बघितलं.

इनासनं बॉडी ओसरीवर घेतली, पॉलिशपेपर घेतला आणि घासायला सुरुवात केली. गोल घासलं. आडवं घासलं. जिथं हात पुरेना तिथं कागद पायाच्या अंगठ्यात धरून घासलं. दुपारी बॉडी घेऊन तो आगुस्तीन काकांकडे गेला.

आगुस्तीन काका गावातले जुने पॉलिशवाले. मनवेल त्यांच्याकडेच शिकला. आता हात थरथरतात म्हणून ते फक्त सांगतात. त्यांनी बॉडी उजेडात तिरकी धरली.

"हे काय मांजरं सोडली होतीस का हिच्यावर?"

"नाही काका. मीच घासली."

"अरे, लाकडाला दिशा असते. जिकडे रेषा जाते तिकडे हात जायला पाहिजे. आडवा नाही, उलटा नाही. दिशेच्या विरुद्ध कधीच घासायचं नाही. काय?"

"दिशेच्या विरुद्ध कधीच घासायचं नाही."

"शाबास."

इनास ते पाठ करत घरी आला. घरी मावशी येणार होती, भेटायला. आईनं जिताडा आणला होता. चांगला हातभर. आई म्हणाली, "मी नारळ खवते. तू ह्याचे खवले घासून काढ."

इनासनं सुरी घेतली. आई सुरी नेहमी शेपटीकडून डोक्याकडे चालवायची. इनासला आईची कीव आली. इतकी वर्षं चुकीचंच करतेय बिचारी. त्यानं माशाच्या अंगावरून हात फिरवून दिशा बघितली आणि डोक्याकडून शेपटीकडे घासायला घेतलं. तासभर घासलं. मासा असा चकाकला, की विचारू नका. खवला एकही निघाला नाही. तुकडेही त्यानंच करून कालवणात सोडले.

मावशीनं पहिला घास घेतला आणि खोकली. दुसऱ्या घासाला उठून ओसरीवर गेली.

"इनास! खवले काढले नाहीस?" आई ओरडली.

"घासले ना."

"कसे घासलेस?"

"दिशेनं. विरुद्ध कधीच घासायचं नाही."

आईनं कपाळावर हात मारला. "हात लावायच्या आधी विचारत जा रे बाबा!"

"बरं," इनास म्हणाला.

तेव्हापासून तो हात लावायच्या आधी विचारू लागला. पाटाला विचारलं, तांब्याला विचारलं. दाराला दोनदा विचारलं आणि तसाच बाहेर उभा राहिला, कारण दार काही बोललं नाही. शेवटी आई म्हणाली, "अरे, माणसांना विचार!" मग ते सुटलं.

बॉडीवरचे ओरखडे काढायला दोन दिवस गेले. इनास पहाटे बसायचा, ऊन डोक्यावर येईपर्यंत घासायचा. बोटांची साल गेली. ती कुठल्या दिशेनं गेली ते त्यानं बघून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बॉडी त्याच्या मांडीवरून निसटली आणि पायरीच्या कोपऱ्यावर आपटली. छातीपाशी खळगा पडला. करंगळी बसेल एवढा. इनासला तिथंच रडू फुटलं. तो बॉडी पोटाशी धरून, अनवाणी, काकांकडे पळाला.

"काका, मेली!"

"कोण मेलं?" काका दचकले. मग त्यांनी खळगा बघितला. "हात्तिच्या. लाकूड तुटलं नाही, नुसतं दबलंय. ओलं फडकं ठेव, वर गरम इस्त्री टेकव. वाफ आत शिरली की दबलेलं फुगून वर येतं."

त्यांनी आपल्यासमोरच करायला लावलं. फडकं चरचरलं. फडकं उचललं तर खळगा नाही. होता की नव्हता असं झालं.

"आलं वर!" इनास ओरडला. "काका, आलं वर!"

"दबलेलं वर येतं," काका म्हणाले.

"दबलेलं वर येतं," इनास म्हणाला आणि निघाला.

वाटेत चर्चपाशी फादरची स्कूटर उभी होती. तिच्या मडगार्डला पोचा होता. फादर मागच्या पावसाळ्यात आंब्याला धडकले होते. आंब्याला काही झालं नव्हतं. इनासनं विचार केला, फादर मनवेलसाठी मिस्सा करणार, आपण त्यांच्यासाठी एवढं तरी करावं. आता माणसांना विचारायचं होतं. म्हणून त्यानं खिडकीतून विचारलं, "फादर, पोचा काढू?"

फादर आत हिशेबाच्या वहीत नाक घालून बसले होते. म्हणाले, "काढ बाबा, देव तुझं भलं करो."

इनासनं घरून इस्त्री आणली, चर्चच्या व्हरांड्यातल्या बोर्डात खुपसली. ओलं फडकं ठेवलं, इस्त्री टेकवली. वाफ निघाली. पोचा काही वर येईना. मग त्यानं जोर लावला. मग फडकं सुकलं. मग वास सुटला. आणि मग खरंच काहीतरी फुगून वर आलं. तो रंग होता. भाकरीसारखा टम्म फुगला आणि फुटला.

फादर धावत आले. आधी त्यांनी देवाचं नाव घेतलं. नंतर जे घेतलं ते देवाचं नव्हतं.

"अरे, लोखंड म्हणजे लाकूड आहे का? पत्र्याचा पोचा काढायचा तर आतून ठोकायचा असतो! आतून! बाहेरून शेकत नाहीत!"

"आतून ठोकायचा," इनास म्हणाला. "बाहेरून शेकायचा नाही."

घरी मावशी अजून होती. ओसरीवर बसून गरम फडक्यानं गाल शेकत होती. दातांनी तिला कधीच सोडलं होतं आणि महिनाभर रडून रडून दोन्ही गाल आत गेले होते. इनासनं बघितलं. दोन खळगे. आणि ही बाहेरून शेकतेय!

त्यानं आत जाऊन मनवेलची लाकडी हातोडी आणली.

"मावशी, तोंड उघड."

"कशाला रे राजा? खाऊ आणलास?"

"नाही. आतून ठोकतो."

मावशीचं वय बहात्तर. पण त्या दिवशी ती फाटकाबाहेर अशी गेली, की वाडीतली पोरं अजून सांगतात. चप्पल तिनं पायात घातली नव्हती, हातात घेतली होती. ती इनासला लागली.

आई त्या दिवशी ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. इनासला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती. मनवेल गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मग ती रडायला लागली, आणि इनासला कळेना की आता काय करायचं. तेवढ्यासाठी काकांकडे जावं का, असं त्याला वाटून गेलं.

मिस्साला चार दिवस राहिले. काकांनी मनवेलची जाडी पेन्सिल मागवून घेतली आणि थरथरत्या हातानं बॉडीभर रेघोट्या मारल्या. इनास बघतच राहिला.

"काका! घाण करताय!"

"आता ह्या रेघा जाईपर्यंत घास. जिथं खोलगट असेल तिथं रेघ टिकते. तिथं आणखी घास. शेवटची खूण गेली, की समज लाकूड होतं तसं झालं."

"होतं तसं?"

"होतं तसं. लाकडावरची कुठलीही खूण घासली की जाते."

इनासनं घासलं. एकेक रेघ गेली. शेवटची रेघ कमरेच्या वळणात लपून बसली होती, तीही गेली. पेन्सिल ठेवायला म्हणून तो आत गेला, तर भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरवर पेन्सिलीचं गोल. आईनं केलेलं. मनवेल गेला त्या दिवसाभोवती.

इनासनं गोलावरून बोट फिरवलं. मग त्यानं खिशातून घासायचा कागद काढला.

आधी गोल गेलं. मग आतली तारीख गेली. मग शेजारचा मंगळवार गेला, त्याचा काही दोष नव्हता. मग मागच्या पानावरचा अख्खा महिना गेला आणि भिंतीचा चुना गळायला लागला. आई आवाज ऐकून आली.

"काय करतोयस?"

"तो दिवस काढला," इनास म्हणाला. "आता होतं तसं होईल."

आईनं भोकाकडे बघितलं. मग तिचा आवाज चढला. "कॅलेंडरवरनं काढून काय होणार रे वेड्या? ते तिथं क्रूसावर लिहिलंय!"

इनासच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

मिस्साच्या आदल्या दिवशी काकांनी शेवटचं सांगितलं. बॉडीवरून त्यांनी तळहात फिरवला, मग गाल लावला.

"गुळगुळीत लागतेय ना? पण ही फसवाफसवी आहे. घासताना लाकडाचे बारीक केस आडवे होतात, निजतात. पॉलिश लागलं की उठतात आणि सगळं काटेरी होतं. म्हणून त्यांना आधीच उठवायचं. ओल्या फडक्यानं पुसायचं. पाणी लागलं, की निजलेलं उठून उभं राहतं."

इनास जवळ सरकला. "निजलेलं उठतं?"

"उठतं."

"लगेच?"

"लगेच कसं? वाळू द्यायचं. तोपर्यंत हात लावायचा नाही, घाई करायची नाही, नुसतं बसायचं. आपली समुद्राची हवा. दमट असली की वेळ लागतो. उठलं, की बारीक कागदाचा एक हलका हात. मग झालं."

इनासनं फडकं भिजवलं, पिळलं, बॉडी पुसली. फणसाचं पिवळं लाकूड एकदम मधासारखं दिसलं. दोघं ओसरीवर बसून राहिले. वाळल्यावर इनासनं बोट फिरवलं. खरंच, मनवेलच्या तीन दिवसांच्या दाढीसारखं खरखरीत लागलं. उठले होते. सगळे उठले होते. मग त्यानं एक हलका हात दिला.

काकांनी बॉडी उजेडात तिरकी धरली आणि सगळीकडून फिरवून बघितली. मग म्हणाले, "मनवेलनंही याच्यापेक्षा बरी घासली नसती. आण, पॉलिशचा पहिला हात आजच देऊ. मग मान बसवू, तारा लावू. उद्या वाजेल."

इनासनं बॉडी काढून घेतली. "नाही. पॉलिश तो आल्यावर."

"इनास..."

"घासून ठेव, मी आलो की पॉलिश मारू. असं म्हणाला तो. घासून झाली ना?"

"झाली."

"मग?"

पंचेचाळीस वर्षं पॉलिश मारलेल्या काकांनी चादर आणली आणि बॉडी तीत गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा झाला. गिटार वाजली नाही, आणि इनासही कुठं दिसला नाही. मिस्सा संपल्यावर सगळे प्रार्थनेला मागच्या मातीत गेले. पुढे फादर, मागे आई, आगुस्तीन काका, गाणारी मंडळी. मावशीही आली होती. फुलं एका हातात होती, दुसरा हात गालावर होता.

कबरीपाशी इनास बसला होता. मांडीवर चादरीत गुंडाळलेली बॉडी. शेजारी बादली, फडकं आणि हातात बारीक कागद.

आईनं क्रूसाकडे बघितलं. वर मनवेलचं नाव होतं. खाली जन्माची तारीख होती. त्याच्या खाली काही नव्हतं. नुसतं स्वच्छ, गुळगुळीत लाकूड.

"हे काय केलंस रे?"

"तूच सांगितलंस ना, इथं लिहिलंय म्हणून. काढलं." मग त्यानं काकांकडे बघितलं. "रेषेच्या दिशेनंच घासलं, काका. आडवं नाही."

काकांनी मान हलवली. काम चांगलंच होतं.

फादर पुढे झाले. कबरीची माती डोक्यापासून पायापर्यंत ओली होती. शिंपडलेली नव्हती. फडक्यानं पुसल्यासारखी, सगळीकडे सारखी ओली. "आणि हे पाणी?"

"निजलेलं उठतं," इनास म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला असं?"

इनासनं काकांकडे बोट केलं. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. फादरनी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण महिन्यापूर्वी ह्याच जागी, ह्याच लोकांसमोर, निजलेले एक दिवस उठतील असं त्यांनीच सांगितलं होतं. पुस्तक हातात धरून सांगितलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

मावशी फुलं ठेवायला वाकली.

"हात लावू नको मावशी! अजून वाळलं नाही."

मावशी फुलांसकट मागे सरली.

"आणि तो कागद कशाला?" आईनं विचारलं.

"उठला की एक हलका हात द्यायचा. माती लागलेली असणार ना अंगाला." इनासनं चादर सारखी केली. "मग दोघं पॉलिश मारू."

गाणाऱ्यांपैकी कुणाला तरी खोकला आला, तो त्यानं गिळला. आई हळूच खाली बसली, इनासच्या शेजारी, पांढऱ्या लुगड्याची पर्वा न करता.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"ते काका सांगतील."

आगुस्तीन काका वाकले. ओल्या मातीवर त्यांनी हात नुसता वरच्या वर धरला, टेकवला नाही. मग समुद्राकडे तोंड करून वारा घेतला.

"हवा दमट आहे," काका म्हणाले. "वेळ लागेल."